भुलगा मोजताना: खराब हवेतल्या किनारी सर्वेक्षणाच्या प्रकल्प नोंदी, सोलापूर

४ ऑगस्ट २०२४, रविवार. सोलापूर

कामाचा आवाका आज ठरला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात देवगड तालुक्यातल्या एका कड्यावर पाच दिवस बसायचे, समुद्र ठरलेल्या पद्धतीने पिंजून काढायचा आणि भुलगे मोजायचे. जमतील तेवढ्यांचे फोटो. होडी नाही, ड्रोन नाही. कडा नेमका कोणता ते या नोंदींत लिहिणार नाही. पर्यटकांच्या होड्या तिथे वळू नयेत एवढाच हेतू.

भुलगा म्हणजे बिनपराचा पॉरपॉइज, शास्त्रीय नाव निओफोकेना फोकेनॉइडिस. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला डॉल्फिन म्हणू नये, कारण मोजणीची सगळी अडचण त्या फरकातच आहे. किनाऱ्यालगत नेहमी दिसणारा कुबडवाला डॉल्फिन श्वासाला वर आला की लांब चोच, मग कुबड, मग कुबडावरचा पर असे क्रमाने दिसते. भुलग्याला चोच नाही, पाठीवर पर नाही. डोके गोल, पाठीच्या मधोमध बारीक गाठींचा पट्टा. प्राणी दीड मीटरच्या आसपास, पण पाण्याबाहेर दिसते ते साधारण साठ सेंटिमीटरचे काळपट वळण, सेकंदभर. उडी मारत नाही, पाणी फारसे उडवत नाही. एकटा किंवा दोघे-तिघे असतात, मोठा कळप क्वचित.

परतीच्या पावसात समुद्र सकाळी आरसा असतो आणि तासाभरात फेसाळतो. अशा हवेत "भुलगा नव्हता" आणि "भुलगा दिसला नाही" यांतला फरक कागदावर कसा उतरवायचा, हा आमचा प्रश्न. समुद्र इथून सरळ रेषेत तीनशे किलोमीटर. कड्यावर गेल्यावर शिकत बसायला वेळ नाही, म्हणून जे जे जमिनीवर चुकवून घेता येईल ते इथेच, हिप्परग्याच्या तलावावर.

११ ऑगस्ट, रविवार. शाळेचे मैदान

दुर्बिणीच्या रेघा तपासल्या. ७×५० दुर्बिणीत उभ्या पट्टीवर रेघा आहेत. पुस्तिकेप्रमाणे दोन रेघांत ५ मिलिरेडियन. म्हणजे १०० मीटरवर ५० सेंटिमीटर. पुस्तिकेवर विसंबायचे नाही, मोजायचे.

पद्धत: कुंपणाच्या भिंतीवर सेंटिमीटरचे आकडे लिहिलेली कागदी पट्टी उभी चिकटवली. भिंतीपासून १०० मीटरवर तिपाई, तिच्यावर दुर्बीण. हातात धरून हे माप होत नाही, रेघ नाचते. आधी डोळ्याचा फोकस, मग दुर्बिणीचा. रेघा आणि कागद एकाच वेळी स्पष्ट दिसले पाहिजेत, नाहीतर डोके हलवल्यावर रेघ कागदावरून सरकते.

पहिल्या खेपेला दोन रेघांत ४८ सेंटिमीटर आले. दुर्बीण खोटी ठरवण्याआधी फीत पाहिली. तीस मीटरच्या फितीचा पहिला मीटर तुटलेला. धरणारा १ च्या आकड्यापासून धरत होता आणि वाचणारा ३० मोजत होता. चार वेळा फीत टाकली, चार मीटर कमी पडले. १०० चे ९६. नीट मोजल्यावर ५० आले. फीत टाकून दिली. अशी फीत ठेवली की कुणीतरी ती पुन्हा वापरतोच.

१८ ऑगस्ट, रविवार

डमी भुलगा बनवला. ११० मिमी पीव्हीसी पाइपचा ६० सेंमी तुकडा, दोन टोप्या, सॉल्व्हंट सिमेंट, काळपट राखाडी मॅट रंग. अर्धा बुडायला आत साधारण २ किलो वाळू लागते.

पहिली डमी पाण्याच्या टाकीत सोडताच खांबासारखी उभी राहिली. वाळू सुटी होती, एका टोकाला गेली. आता वाळूच्या दोन सारख्या पुरचुंड्या करून दोन्ही टोकांना आतून चिकटवल्या. आडवी राहते. चकचकीत रंग अजिबात नको. उन्हात डमी आरशासारखी चमकते आणि निरीक्षकाला फुकटचे गुण मिळतात.

२५ ऑगस्ट, रविवार. हिप्परगा तलाव, सकाळी ६.३० ते १०

तुळजापूर रस्त्यावरचा हा जुना एकरुख तलाव. बंधाऱ्यावर जागा घेतली. डोळा पाण्यापासून साडेसहा मीटर उंच. मच्छिमार सोसायटीला आधी सांगून ठेवले होते. त्यांच्यातल्या एका मामांनी तराफ्यावरून डमी नेऊन दगडाला बांधून सोडल्या आणि प्रत्येक ठिकाणी जीपीएसची नोंद दिली.

समुद्रावर अंतर काढायचे गणित साधे आहे. डोळ्याची पाण्यापासून उंची ठाऊक असली आणि प्राणी क्षितिजाच्या किती खाली दिसतो तो कोन मिळाला की अंतर मिळते. पण तलावाला क्षितिज नसते. समोर दिसतो तो पलीकडचा काठ, बाभळी, विजेचे खांब. त्या काठाला क्षितिज धरून काढलेले प्रत्येक अंतर चुकले. ही चूक मुद्दाम करू दिली, कारण धुक्यात समुद्रावर हेच होणार आहे.

मग थिओडोलाइट लावला, कोनाच्या २० सेकंद अचूकतेचा, भाड्याचा. तो आडव्या पातळीपासून कोन देतो, क्षितिज लागत नाही. साडेसहा मीटरवरून ५०० मीटरवरची डमी आडव्याखाली १३ मिलिरेडियन, म्हणजे सुमारे पाऊण अंश खाली दिसायला हवी, तशी दिसली. पाणसळीचा बुडबुडा दर वीस मिनिटांनी पाहावा लागतो. बंधाऱ्याची माती पावसाने मऊ झाली आहे, तिपाईचा एक पाय रुततो आणि बुडबुडा हळूच सरकतो. पायांखाली फरशीचे तुकडे ठेवले.

दुसरा सराव टिबुकल्यांवर. टिबुकली बुडते, कुठेतरी भलतीकडेच वर येते, पुन्हा बुडते. निरीक्षकाची खोड मोडायला याहून चांगला पक्षी नाही. दोघांनी पाठीला पाठ लावून, एकमेकांशी न बोलता एकाच टापूतल्या टिबुकल्या मोजल्या. आकडे जुळले नाहीत. सगळ्यात जास्त चूक त्याची, जो एक दिसली की तिच्याच मागे दुर्बीण फिरवत राहिला. नियम ठरला: दिसला की नोंद सांगायची आणि दुर्बीण पुढे सरकवायची. पाठलाग फोटोवाल्याने करायचा, मोजणाऱ्याने नाही.

१ सप्टेंबर, रविवार

दिवसभर पाऊस. बॅगांचे काम. कॅमेऱ्याच्या खोक्यात फोमऐवजी सोलापुरी चादरीची चौघडी बसवली. धक्का फोमइतकाच खाते आणि ओली झाली तर वाळत घालता येते. लेन्स पुसायला टेरी टॉवेलचे तुकडे कापले. नवा टॉवेल तंतू सोडतो, त्यामुळे तीन वेळा धुतल्याशिवाय काचेजवळ न्यायचा नाही. धुताना मऊपणाचे औषध टाकू नये, काचेवर तेलकट पापुद्रा येतो.

८ सप्टेंबर, रविवार

फोटोचे गणित. बॉडी २४ मेगापिक्सेल, छोटा सेन्सर, एक पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉन. लेन्स ६०० मिमी. साठ सेंटिमीटरची पाठ २५० मीटरवर सुमारे ३७० पिक्सेल, ५०० मीटरवर १८५, ७०० वर १३०, एक किलोमीटरवर ९० च्या आसपास. १३० पिक्सेलमध्ये पर आहे की नाही हे कळते. पाठीवरचा गाठींचा पट्टा कळत नाही.

म्हणून फोटोकडून अपेक्षा काय ठेवायची ते आज मिटवले. कुबडवाल्या डॉल्फिनच्या पराच्या मागच्या कडेला खाचा असतात, त्यांवरून एकेक प्राणी ओळखून यादी करता येते. भुलग्याला परच नाही, तेव्हा किनाऱ्यावरून अशी ओळख जवळजवळ अशक्य. इथे फोटो जात पक्की करायला आणि एकावेळी किती पाठी होत्या ते तपासायला. मोजणी डोळ्यांची, फोटो तिची पावती.

सेटिंग: शटर १/२०००, छिद्र एफ/८, आयएसओ आपोआप पण ३२०० च्या वर नाही, रॉ फाइल, उजेड दोन-तृतीयांश वाढवून. राखाडी पाण्यावर काळी पाठ नेहमीच्या मापाने कोळसा होते.

ऑटोफोकस लाटांवर धावतो आणि पाठ निघून गेल्यावर थांबतो. उपाय: ७०० मीटरवरच्या एखाद्या ठळक वस्तूवर हाताने फोकस करून रिंगवर चिकटपट्टी मारायची. ६०० मिमी, एफ/८ ला ७०० मीटरवर फोकस ठेवला तर साधारण ५३० मीटरपासून एक किलोमीटरपर्यंत चालण्याजोगे स्पष्ट येते. त्याहून जवळ आला तर पट्टी काढायला वेळ मिळतो. तापमान बदलले की फोकस सरकतो, तेव्हा दर तासाला पुन्हा तपासायचा.

१५ सप्टेंबर, रविवार. हिप्परगा, वाऱ्याचा दिवस

पाण्यावर तुरळक फेस, म्हणजे वाऱ्याच्या जोराच्या बोफर्ट मापावर ३. डमी ३०० मीटरवर सापडतात. पाचशेच्या पुढे निम्म्याहून जास्त वेळा सुटल्या, आणि ज्या "दिसल्या" त्यांतल्या काही नुसत्या लाटा होत्या. तलावाचा विस्तार लहान, लाट वाढायला पल्ला मिळत नाही. समुद्रावर याच वाऱ्यात लाट जास्त मोठी असेल. मर्यादा यावरून आखली: बोफर्ट २ पर्यंतची पाहणी हिशेबात, ३ ची वेगळ्या खात्यात, ४ ला काम बंद.

लेन्सचा हूड वाऱ्यात शिडासारखा वागतो, १/२००० लाही फोटो हलतो. काढला तर पावसाचे थेंब थेट काचेवर. मधला मार्ग असा की तिपाई निम्म्या उंचीवर, मधला दांडा पूर्ण खाली, आणि खालच्या हुकाला पाच लिटरचा पाण्याचा कॅन, पण जमिनीला जेमतेम टेकलेला. लोंबकळता कॅन स्वतःच हेलकावे घेतो आणि तिपाईला घेऊन डोलतो.

दहानंतर ऊन आले आणि बंधाऱ्याच्या उतारावरच्या तापलेल्या दगडी अस्तरावरून हवा थरथरू लागली. डमीच्या कडा वितळल्यासारख्या. लेन्स महाग असली तरी यावर काही चालत नाही. कड्यावर बसताना समोर उघडा कातळ नको, अगदी कडेला बसायचे म्हणजे नजर तापलेल्या दगडावरून जाणार नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

नोंदीचा तक्ता पक्का केला. एक फेरी वीस मिनिटांची, मग दहा मिनिटे विश्रांती, त्यात माणसे बदलायची. वीस मिनिटांनंतर डोळा पाहतो पण मेंदू नोंद घेत नाही, हे टिबुकल्यांनी दाखवले आहे. सकाळी ६.४५ ते १०.१५, म्हणजे दिवसाला सात फेऱ्या. दुपार सोडून दिली: पश्चिमेच्या समुद्रावर सूर्य समोर येतो आणि खारे वारे लाट उठवतात. सकाळी सूर्य पाठीशी आणि मतलई वारा असेल तोवर पाणी जरा शांत.

रकाने: वेळ, दिशा, थिओडोलाइटचा उभा कोन, दुर्बिणीच्या रेघा, जात, किमान-योग्य-कमाल संख्या, खात्री (नक्की, बहुधा, शंका). याखेरीज प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला, काही दिसो न दिसो: बोफर्ट, लांब लाटेचा काळ, चकाकी कोणत्या अंशापासून कोणत्या अंशापर्यंत, दृश्यता, पाऊस, टापूतल्या होड्या, जाळ्यांचे तरंग. दृश्यतेसाठी "बरी" हा शब्द बाद. दूरची कोणती खूण दिसते आणि कोणती दिसत नाही, ते लिहायचे.

ज्या फेरीत काहीच दिसले नाही तिचाही कागद भरायचा. रिकामा कागद ही पण नोंदच आहे, हे दहा वेळा सांगूनही लोक "काही नव्हतं, म्हणून लिहिलं नाही" म्हणतात.

पेन्सिल एचबी. दमट कागदावर बॉलपेन उठत नाही आणि जेलपेन पसरते.

६ ऑक्टोबर, रविवार

नवरात्र. तुळजापूर रस्ता पायी जाणाऱ्यांनी भरलेला, बंधाऱ्यावरचा सराव रद्द. घरी बसून घड्याळे जुळवली: दोन्ही कॅमेऱ्यांतून मोबाइलच्या घड्याळाचा सेकंदासह फोटो. एक कॅमेरा महिन्यात ४० सेकंद पुढे गेला होता. हा फोटो आता रोज सकाळी काढायचा.

१६ ऑक्टोबर, बुधवार

बांधाबांध. दोन ७×५० दुर्बिणी, थिओडोलाइट, दोन तिपाया, दोन बॉडी, ६०० मिमी लेन्स, पाच लिटर गोडे पाणी फक्त पुसण्यासाठी, टॉवेलचे वीस तुकडे, ओळंबा, ५० मीटरची नवी फीत, मोठी काळी छत्री, फरशीचे सहा तुकडे. सिलिका जेल लोखंडी तव्यावर मंद आचेवर केशरी होईपर्यंत भाजून हवाबंद डब्यात भरले. हिरवे झाले की पुन्हा भाजायचे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी स्टीलच्या डब्यात. कोकणात भाकरी उघडी राहिली तर रात्रीत सर्द होते. एक पुडी सिलिका जेल त्या डब्यातही ठेवावी की काय असा विचार झाला, अमलात आणला नाही.

ग्रामपंचायतीला आणि सागरी पोलिसांना जागा, तारखा, सामान लेखी कळवले आहे. किनाऱ्यावर थिओडोलाइट आणि लांब लेन्स घेऊन बसलेल्या माणसाला प्रश्न विचारणे हे त्यांचे कामच आहे.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

सांगोला, मिरज, कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट. सामान सुखरूप.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार. कडा, सात फेऱ्या

पहिले काम डोळ्याची उंची. पाण्याच्या कडेला फूटपट्टीचा उभा दांडा धरून थिओडोलाइटने आणि फितीने काढली: सकाळच्या ओहोटीला ३२ मीटर. काल पौर्णिमा, म्हणजे उधाणाची भरती. तिथीला तीनने गुणून चारने भागायचे, की भरतीची अंदाजे वेळ येते. आज प्रतिपदा, तेव्हा दुपारी पाऊण. ठोकताळा ठीक आहे, पण उंचीच्या दुरुस्तीसाठी भरतीचा छापील तक्ताच वापरायचा, कारण हा ठोकताळा बंदरागणिक मागेपुढे होतो.

दुरुस्ती किती महत्त्वाची? ३२ मीटरवरून क्षितिजाखाली दोन रेघा म्हणजे २.५१ किलोमीटर. पाणी दोन मीटर चढले की त्याच दोन रेघा २.३७ किलोमीटर. ३२ मीटरचा तक्ता: अर्धी रेघ ६.४ किमी, एक ४.२, दोन २.५, तीन १.८, चार १.४. वर जावे तसे रेघांतले अंतर फुगत जाते. अडीच किलोमीटरवर अर्ध्या रेघेची चूक सहाशे मीटरची होते. थिओडोलाइटची २० सेकंदांची चूक तिथे जेमतेम वीस मीटर. तरीही दुर्बीण हवीच, कारण थिओडोलाइटच्या चिमुकल्या नजरेत भुलगा शोधून सापडत नाही.

कंपास कामाचा नाही. जांभा दगडात लोह आहे, तिपाई एक मीटर सरकवली की वाचन बदलते. दिशा थिओडोलाइटच्या आडव्या वर्तुळावर, शून्य दीपगृहाच्या बुरुजाला बांधून.

सकाळी निघताना एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला आणि लेन्स आतून-बाहेरून धुरकटली. चाळीस मिनिटे वाया. बाहेर ३१ अंश आणि ऐंशी टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २७ च्या वर असतो. २४ अंशांची काच ओली होणारच. सोलापूरच्या कोरड्या हवेत ही चूक कधी उघडच पडली नव्हती. उद्यापासून सामान रात्रभर पडवीत, बंद खोक्यात.

पहिल्या पाच फेऱ्या बोफर्ट १ ते २, शेवटच्या दोन ३. ७.५२ ला दोन गोल पाठी, पर नाही, चोच नाही. उभा कोन २ अंश ३५ मिनिटे, पाणी चढल्यावर उंची ३१.५ मीटर, अंतर सुमारे ७०० मीटर. दुर्बिणीत साडेआठ रेघा, त्यावरून ६९५, जुळले. पहिल्या वेळी फोटो मिळत नाहीच. लागोपाठ दोन-चार श्वास घेऊन मग मोठी बुडी असा क्रम दिसला, तेव्हा फोटोवाल्याने जागा धरून पुढच्या श्वासाची वाट पाहिली. अकरा फ्रेम, त्यातल्या चारांत पाठ, एक वापरण्याजोगी. खात्री: नक्की. संख्या २-२-३, तिसऱ्या पाठीबद्दल दोघांचे मत वेगळे, म्हणून कमाल तीन.

१९ ऑक्टोबर, शनिवार. सात फेऱ्या, धूसर

पाणी आरसा, बोफर्ट ० ते १. वाटले, आजचा दिवस सर्वांत चांगला. सर्वांत फसवा निघाला. दमट धुरकटीत क्षितिजच नाही, पाणी दोन किलोमीटरवर आभाळात विरते आणि ती विरण्याची रेघ क्षितिजासारखी दिसते. तिच्यापासून रेघा मोजल्या तर ७०० मीटरवरचा प्राणी ९८० मीटरवर जातो. हिप्परग्याची बाभळीची चूक, हुबेहूब. दुर्बिणीचे आकडे आज लिहिलेच नाहीत, फक्त थिओडोलाइट.

८.३४ ला एक पाठ, ६०० मीटर, दोघांनी पाहिली, फोटोत नाही. खात्री: बहुधा. ९.१० ला कुबडवाल्या डॉल्फिनचा गट, चार ते सहा. यांना ओळखायला फोटो लागत नाही.

तीन खोट्या हाका. दोन जाळ्याच्या काळ्या प्लास्टिक तरंगांच्या, एक पाणकावळ्याची. तरंग ओळखायची युक्ती: दहा सेकंद थांबा, तो तिथेच असतो.

२० ऑक्टोबर, रविवार. तीन फेऱ्या

सरीवर सर. दोन फेऱ्या बोफर्ट २, तिसरी ३. सर समुद्रावरून चालत येताना दिसते. ती टापूच्या कडेला टेकली की फेरी तिथेच तोडून वेळ लिहायची, भिजेपर्यंत ओढायची नाही. अर्धवट फेरी लगेच उघाड मिळाला तरच पूर्ण करायची. तिसरी तशीच झाली. छत्री तिपाईला बांधणे हा वेडेपणा ठरला, वाऱ्याने दोन्ही उचलली. छत्री माणसाने धरायची.

खाऱ्या तुषारांनी पुढची काच दर दहा मिनिटांना पांढरट. कोरड्या कापडाने मीठ घासले तर लेप ओरखडतो: आधी गोड्या पाण्यात पिळलेला तुकडा टेकवून मीठ विरघळवायचे, मग कोरडा. पाच लिटर पाण्यातले साडेतीन संपले.

काही दिसले नाही. कागद भरले.

२१ ऑक्टोबर, सोमवार. सात फेऱ्या

वारा नाही, फेस नाही, पण लांब लाटा. दोन माथ्यांमधला काळ घड्याळावर १२ सेकंद, उंची अंदाजे दीड मीटर. बोफर्ट याबद्दल अवाक्षर बोलत नाही, कारण तो वाऱ्याचा आकडा. म्हणूनच लाटेचा रकाना वेगळा ठेवला होता.

प्रश्न असा: लाटेच्या घळीतला भुलगा कड्यावरून दिसतो का? खोल पाण्यात १२ सेकंदांची लाट सव्वादोनशे मीटर लांब, दीड मीटर उंचीला तिचा सर्वांत जास्त उतार सव्वा अंशाच्या आत. ३२ मीटरवरून ७०० मीटरवर नजर २.६ अंशांनी खाली जाते, तेव्हा घळ पूर्ण दिसते. दीड किलोमीटरपासून झाकायला लागते. पण समोर खोली दहा मीटरच्या आसपास आहे. उथळात हीच लाट आखडून सुमारे ११० मीटर होते, उतार २.४ अंश. म्हणजे साडेसातशे मीटरच्या पुढे घळीचा काही भाग आपल्या नजरेआड. आजच्या फेऱ्यांसाठी पट्टा ७५० मीटरपर्यंतच धरायचा, पाणी कितीही गुळगुळीत दिसो. कडा दहा-पंधरा मीटरचा असता तर आज मोजणीला अर्थच नव्हता.

सहा फेऱ्या बोफर्ट १ ते २, शेवटची ३. ७.२० ला कुबडवाले, दोन. ९.०५ ला एक वळण, एकाच निरीक्षकाला, एकदाच. खात्री: शंका. मोजणीत नाही, तक्त्यात आहे.

२२ ऑक्टोबर, मंगळवार. दोन फेऱ्या

दोन्ही बोफर्ट ३. ७.४० नंतर सगळीकडे फेस. बंद. परत.

२७ ऑक्टोबर, रविवार. सोलापूर

हिशेब. ठरल्या ३५ फेऱ्या, झाल्या २६, म्हणजे ५२० मिनिटे. त्यातल्या बोफर्ट २ पर्यंतच्या २०, म्हणजे ४०० मिनिटे. त्या चारशेतल्या १४० मिनिटांना (१९ तारीख) दृश्यता दोन किलोमीटर, १२० मिनिटांना (२१ तारीख) पट्टा ७५० मीटर. उरतात १४० मिनिटे, ज्यांना कुठलीही अट नाही. भुलगा: नक्की एक गट, बहुधा एक, शंका एक.

यावरून या भागात किती भुलगे आहेत असा आकडा काढायचा नाही. कुणी मागितला तर फेऱ्यांचा तक्ता द्यायचा. २० आणि २२ तारखेच्या पाच फेऱ्या "शून्य" म्हणून सरासरीत मिसळू नयेत: २० च्या दोन हिशेबातल्या फेऱ्या शून्य आहेत, बाकीच्या तीन "पाहता आले नाही" आहेत. तक्त्यात दोन्हीला एकच रिकामा चौकोन होता, तो बदलला. आता ० आणि "ना" असे दोन वेगळे संकेत. ही गोष्ट सप्टेंबरातच सुचायला हवी होती.

पाण्याखालचे ध्वनिग्राहक हवेला बधत नाहीत. भुलग्याच्या टिकटिकी १०० किलोहर्ट्झच्या वर, आपल्या कानाच्या आवाक्याबाहेर, पण यंत्राला ऐकू येतात. ते नांगरायला होडी, परवानगी आणि पैसा लागतो. सध्या नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

फोटोंची नावे: तारीख, वेळ, फेरी क्रमांक, गट क्रमांक. कॅमेऱ्याच्या घड्याळाची दुरुस्ती नावात, मूळ फाइलला हात नाही. दोन हार्ड डिस्कवर प्रती, एक दुसऱ्या घरी.

तिपायांचे पाय उघडून धुतले. रोज बाहेरून पुसूनही आतल्या आट्यांत मीठ आणि वाळू निघाली. एका पायाची पकड घसरत होती ती यामुळेच. थिओडोलाइट परत दिला. टॉवेलचे तुकडे धुऊन वाळत आहेत. फरशीचे तुकडे सहा नेले होते, चार आले.

पुढची फेरी फेब्रुवारीत, तोच कडा, तीच उंची. त्याआधी हिप्परग्याला डमी पुन्हा, या वेळी ७५० मीटरवर.